कर्बोदकांच्या एन्झाइमवर संशोधन करायचंय? आधी अ‍ॅसे पक्का करा

दर वर्षी एमएस्सी संपवून काही जण भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सध्या कोणतं एन्झाइम घ्यावं? कशात स्कोप आहे?" मी उलट विचारते, "पुढची चारपाच वर्षं रोज सकाळी येऊन काय मोजायचा तुला कंटाळा येणार नाही?" बहुतेक जण यावर गप्प होतात. कारण कॉलेजात एन्झाइमं शिकवतात ती बाणांच्या आकृतीतून, आणि बाणाचा वेग कुणी मोजायला लावत नाही.

माझं सगळं काम फॉस्फोफ्रुक्टोकायनेजवर झालं. लॅबमध्ये त्याला पीएफकेच म्हणतात. ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवर, म्हणजे ग्लायकोलिसिसमध्ये, ते तिसऱ्या पायरीवर बसलेलं असतं. फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवर एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूतला एक फॉस्फेट चढवायचा आणि फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट तयार करायचं, एवढंच त्याचं काम. ते कधी करायचं आणि कधी थांबायचं हे त्याला कोण सांगतं, यावर एकाचं काय, चार जणांचं करिअर आरामात निघतं.

या क्षेत्रात विषय, गाइड, पेपर, नोकरी ही काळजी सगळ्यांना असते. माझ्या मते ती सगळी एका गोष्टीवर उभी आहे: आपल्या एन्झाइमचा वेग आपल्याला खात्रीने मोजता येतो की नाही. म्हणून खाली अ‍ॅसेवर (हा वेग मोजायच्या पद्धतीवर) भरपूर लिहिलंय आणि ग्रँटवर काहीच नाही.

एन्झाइम निवडताना

पहिली अट, ते मोजता आलं पाहिजे, आणि तुमच्या लॅबमध्ये आहेत त्या उपकरणांवर मोजता आलं पाहिजे. दुसरी, त्यात प्रश्न शिल्लक असला पाहिजे. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांपैकी पेशीत प्रत्यक्षात एकाच दिशेने जाणाऱ्या तीन: हेक्सोकायनेज, पीएफके आणि पायरुव्हेट कायनेज. नियंत्रण समजून घ्यायचं असेल तर या तिघांच्या आसपास राहा. उलट ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज घ्या. ते इतकं वेगवान आहे की सबस्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं तो पदार्थ) त्याच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढाच काय तो उशीर. जेरेमी नोल्स यांनी त्यावर फार सुंदर काम केलं, पण त्यांचा प्रश्न रासायनिक यंत्रणेचा होता. तिथे नियंत्रण शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही.

कधीकधी प्रश्न एका आकड्यातच असतो. हेक्सोकायनेज आणि ग्लुकोकायनेज दोघंही ग्लुकोजवर फॉस्फेट चढवतात, अभिक्रिया तीच. पण स्नायूतल्या हेक्सोकायनेजचा केएम (एन्झाइम कमाल वेगाच्या निम्म्यावर येतं तेवढं सबस्ट्रेटचं सांद्रण) ०.१ मिलिमोलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि यकृतातलं ग्लुकोकायनेज अर्ध्या वेगावर येतं ते साधारण ८ मिलिमोलरला. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज असतं ५ मिलिमोलरच्या जवळपास. म्हणजे पहिलं एन्झाइम कायम भरलेलं, आणि दुसरं रक्तातली साखर वरखाली होईल तसं चढणारं-उतरणारं. यकृताला आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना साखरेचा अंदाज येतो तो यामुळे. शिवाय ग्लुकोकायनेजला एकच पॉलिपेप्टाइड साखळी, बांधणीची जागा एकच, तरी त्याचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. पुस्तकात सहकार्य (एका जागेवर सबस्ट्रेट बसला की पुढचा सोपा बसणं) म्हणजे अनेक उपघटक असं शिकवलेलं असतं, आणि हे एकटं ते करून दाखवतं. त्याच्या जीनमध्ये दोष असलेल्यांची साखर जन्मापासून थोडी वर राहते. डॉक्टर त्याला मोडीचा (MODY, कमी वयात दिसणारा आनुवंशिक मधुमेह) एक प्रकार म्हणून ओळखतात. दोन आकड्यांच्या फरकातून भौतिक रसायन, शरीरक्रिया आणि आजार, तिन्हींकडे वाटा फुटल्या. असं एन्झाइम शोधा.

शोधाशोध करताना नावावर जाऊ नका, ईसी क्रमांकावर, म्हणजे एन्झाइमांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकावर, जा. एकाच एन्झाइमची जुन्या पेपरात तीन-चार नावं सापडतात. पीएफकेचा क्रमांक २.७.१.११, हेक्सोकायनेजचा २.७.१.१, ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेजचा १.१.१.४९. ब्रेंडा या डेटाबेसमध्ये हा क्रमांक टाकला की कोणत्या प्राण्यात, कोणत्या पीएचला, कोणता केएम मिळाला हे ओळीने दिसतं. तिथे एकाच एन्झाइमच्या केएममध्ये दहापट फरक पाहून घाबरू नका. प्रत्येक आकड्यामागचा मूळ पेपर उघडा आणि तापमान, पीएच, मॅग्नेशियम बघा. फरकाचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. नसेल, तर तुम्हाला पीएचडीचा विषय मिळाला.

अ‍ॅसे

कर्बोदकांच्या एन्झाइमांवर काम करणाऱ्यांवर निसर्गाने एक मोठी मेहेरबानी केली आहे. एनएडीएच आणि एनएडीपीएच हे पेशीतले इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, त्यांची ऑक्सिडाइझ झालेली रूपं शोषत नाहीत. १९३० च्या दशकात ओटो वारबुर्ग यांनी याचा मोजमापासाठी उपयोग केला आणि आजही अर्धी एन्झाइमॉलॉजी त्यावर चालते. एक मिलिमोलर एनएडीएचचं एक सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये (प्रकाश आरपार जाणाऱ्या नमुन्याच्या छोट्या नळीत) शोषण ६.२२. हा आकडा झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे.

पीएफके स्वतः एनएडीएच वापरत नाही, म्हणून त्याच्यामागे तीन सहायक एन्झाइमं जोडावी लागतात. पीएफकेने बनवलेलं फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट अ‍ॅल्डोलेज फोडतं, त्यातून दोन ट्रायोज फॉस्फेट निघतात. आयसोमरेज त्यातल्या ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटचं डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन फॉस्फेट करतं, आणि ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डीहायड्रोजनेज त्यावर एनएडीएच खर्च करतं. रेषा खाली उतरत जाते. तो उतार म्हणजे आपला वेग.

आता नीट बघा: पीएफकेच्या एका फेरीमागे दोन ट्रायोज, म्हणून दोन एनएडीएच. उत्तराला दोनने भागायचं. हे विसरून छापलेले आकडे मी पाहिले आहेत.

उदाहरण घेऊ. एक मिलिलिटर मिश्रण, शोषण मिनिटाला ०.१२४ ने उतरतंय. ०.१२४ भागिले ६.२२, म्हणजे मिनिटाला ०.०२० मायक्रोमोल एनएडीएच. दोनने भागून ०.०१० मायक्रोमोल. मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे एक युनिट, तेव्हा क्युव्हेटमध्ये ०.०१० युनिट आहे. ते आलं १० मायक्रोलिटर अर्कातून, म्हणजे अर्कात मिलिलिटरला १ युनिट. अर्कातलं प्रोटीन मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असेल तर विशिष्ट क्रियाशीलता मिलिग्रॅमला २ युनिट. शुद्ध स्नायू-पीएफकेची शंभराच्या पुढे जाते, तेव्हा अजून बरीच मजल बाकी आहे. हे गणित माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी कागदावर करावं लागतं. सॉफ्टवेअरने आकडा दिला तरी करावं लागतं.

एनएडीएच ०.२ मिलिमोलर घातलं असेल तर सुरुवातीचं शोषण १.२ च्या थोडं वर दिसायला हवं. ०.९ दिसतंय? एनएडीएच शिळं झालंय, पुढे जाऊ नका. ते आम्लात लवकर मोडतं, म्हणून थोडं अल्कधर्मी ठेवा, त्या दिवसापुरतंच बनवा. एटीपीचं उलट: पावडर पाण्यात विरघळवली की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं, ते उदासीन केल्याशिवाय वापरलं तर बफरची दमछाक होते आणि एन्झाइमच्या नावावर पीएचचा परिणाम छापला जातो. कायनेजचा खरा सबस्ट्रेट नुसतं एटीपी नसून मॅग्नेशियम-एटीपी असतो. एटीपी वाढवत नेताना मॅग्नेशियम त्याच्या पुढेच ठेवायचं. ट्रिस बफर थंडीत बनवू नका: त्याचा पीएच दर अंशामागे साधारण ०.०२८ ने हलतो, त्यामुळे २५ अंशांना ८.० असलेला ट्रिस ४ अंशांच्या कोल्डरूममध्ये ८.६ च्या जवळ जातो.

अ‍ॅसे विश्वासाचा आहे का, हे ठरवायच्या माझ्या तीन चाचण्या आहेत. एन्झाइम दुप्पट घाला, वेग दुप्पट झाला पाहिजे. सहायक एन्झाइमं दुप्पट करा, वेग तोच राहिला पाहिजे. वाढला तर तुम्ही पीएफके मोजत नव्हता, अ‍ॅल्डोलेज मोजत होता. रांगेतले पुढचे भराभर सरकले तरच मागच्याची खरी चाल कळते, तसं हे. तिसरी, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट न घालता चालवा. रेषा आडवी असली पाहिजे. उतरत असेल तर अर्कातलं दुसरंच कुणीतरी एनएडीएच खातंय, तो उतार वजा करा किंवा आधी त्याचा बंदोबस्त करा. सुरुवातीची काही सेकंदं रेषा वाकडी असते, मधले पदार्थ साठेपर्यंत. तो भाग सोडून पुढचा सरळ भाग घ्यायचा.

एकदा एक विद्यार्थी आलेख घेऊन आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मॅडम, आपल्या एन्झाइमला एटीपीने काहीच होत नाहीये. इन्हिबिशनच नाही. नवीन फाइंडिंग असेल का?"

पीएफकेला एटीपी सबस्ट्रेट म्हणून लागतं आणि जास्त झालं की तेच त्याला दाबतं, हे या एन्झाइमबद्दलचं सगळ्यांत जुनं शहाणपण. मी म्हटलं, "अ‍ॅल्डोलेजची बाटली घेऊन ये."

बाटलीवर लिहिलं होतं: ३.२ मोलर अमोनियम सल्फेटमधलं सस्पेन्शन. विकतची बरीच सहायक एन्झाइमं अशीच येतात, कारण त्यात ती टिकतात. आम्ही तिथेच हिशेब केला. मिलिलिटरभर मिश्रणात १० मायक्रोलिटर, म्हणजे ३२ मिलिमोलर अमोनियम सल्फेट, म्हणजे ६४ मिलिमोलर अमोनियम. आणि अमोनियम आयन पीएफकेला चालना देतो, एटीपीचा दाब सैल करतो. "बफरचा पीएच किती ठेवलास?" तर ८.२. तिथे तर स्नायूचं पीएफके एटीपीला तसंही फारसं जुमानत नाही. नियंत्रण बघायचं तर पीएच ७ च्या आसपास यावं लागतं. त्याने सहायक एन्झाइमं क्षार काढून टाकणाऱ्या छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढली, पीएच ७.० केला, आणि दुसऱ्या दिवशी आलेख पुस्तकात असतो तसा वर जाऊन खाली वळला. तो थोडा हिरमुसला. पण पुढे कमाल वेग मोजायला पीएच ८.२ आणि नियंत्रण मोजायला ७.० असे दोन वेगळे अ‍ॅसे त्यानेच लॅबसाठी लिहून ठेवले, आणि ते अजून वापरात आहेत.

हेच पायरुव्हेट कायनेजचं. त्याला पोटॅशियम लागतं. सोडियमच्या बफरात ते मरगळलेलं दिसतं आणि माणूस महिनाभर एन्झाइमला दोष देत बसतो.

सगळीकडे एनएडीएच जोडता येतंच असं नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेटेजसाठी सुटलेला फॉस्फेट मोजणं सोपं पडतं. सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची १९२५ ची मोलिब्डेटची पद्धत, निळा रंग येणारी, तिची सुधारित रूपं अजून चालतात. यात अभिक्रिया ठरावीक वेळी थांबवावी लागते, म्हणून निदान तीन वेगवेगळ्या वेळांचे नमुने घ्या. एकाच वेळेच्या नमुन्यावरून वेग काढणं म्हणजे एका बिंदूतून रेषा ओढणं.

शुद्धीकरण थोडक्यात

आता बहुतेक जण जीन क्लोन करून हिस्टिडीनचं शेपूट लावतात आणि निकेल कॉलमवर एका दुपारी काम उरकतात. चांगलंच आहे. दोन गोष्टी सांभाळा. यजमान जीवाणूची स्वतःची पीएफके असते, तीही थोडी चिकटून येऊ शकते. ज्यातून ती काढून टाकली आहे असा स्ट्रेन मागवा. आणि पीएफके चार उपघटकांचं असतं, फार पातळ केलं की ते सुटं होतं आणि मरतं. म्हणून पातळ करायचं ते अ‍ॅसेच्या अगदी आधी, आणि साठवायचं दाट.

ऊतीपासून काढत असाल तर शुद्धीकरणाचा तक्ता प्रत्येक पायरीला भरा: घनफळ, प्रोटीन, एकूण युनिट, विशिष्ट क्रियाशीलता. एकूण युनिट मध्येच वाढले तर आनंद मानू नका. आधीच्या पायरीत एखादा इन्हिबिटर होता, तो कुठे गेला ते शोधा.

नोटबुकमध्ये काय लिहायचं

सगळं. गाळणकागद कोणता वापरला तेसुद्धा. यामागे एक खरी गोष्ट आहे. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी स्नायूतून ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजची, म्हणजे साठवलेलं ग्लायकोजेन फोडणाऱ्या एन्झाइमची, दोन रूपं वेगळी केली होती: एएमपीशिवाय (एटीपीचे दोन फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) काम करणारं ए आणि एएमपी लागणारं बी. १९५० च्या दशकाच्या मध्यावर एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स सिअ‍ॅटलमध्ये तेच एन्झाइम काढत होते. स्नायूचा अर्क कागदातून न गाळता सेंट्रिफ्यूज केला तर त्यांना बी रूपच मिळायचं. कोरींच्या पद्धतीत अर्क गाळणकागदातून जायचा. कागदातलं कॅल्शियम अर्कात उतरायचं, ते एका कायनेजला जागं करायचं, आणि ते कायनेज फॉस्फोरिलेजवर फॉस्फेट चढवून बीचं ए करायचं. प्रोटीनवर फॉस्फेट चढवून त्याला चालू-बंद करता येतं हे असं उलगडलं; १९९२ चं नोबेल त्याला मिळालं.

दुसरी गोष्ट क्रिस्तियाँ द दूव्ह यांची. ते यकृतातल्या ग्लुकोज-६-फॉस्फेटेजच्या मागे होते, सोबत तुलनेसाठी अ‍ॅसिड फॉस्फेटेज मोजत होते. ते अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवले, काही दिवसांनी पुन्हा मोजले, तर भरपूर आलं. एन्झाइम एका पिशवीत कोंडलेलं होतं आणि ती पिशवी हळूहळू फुटत होती. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. विचित्र आकडा आला म्हणून त्यांनी नमुना फेकला नाही, आणि पहिला आकडा लिहून ठेवलेला असल्यामुळे दुसऱ्याला अर्थ आला.

म्हणून बाटलीचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, क्युव्हेट बसवल्यावर तापमान स्थिर व्हायला दिलेला वेळ, सगळं लिहा. "नेहमीप्रमाणे" हा शब्द माझ्या लॅबच्या नोटबुकात चालत नाही.

काइनेटिक्स

लेओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये ज्या एन्झाइमवर काम केलं ते इन्व्हर्टेज, म्हणजे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारं. आपल्याच गावचं म्हणायचं. त्यांचं समीकरण सगळे पाठ करतात, त्यांची काळजी कुणी वाचत नाही. ध्रुवित प्रकाशाच्या कोनावरून ते वेग मोजत होते. साखर फुटल्यावर सुटणारं ग्लुकोज आपलं रूप हळूहळू बदलतं, त्यामुळे कोन फसवतो. त्यांनी नमुन्यात अल्कली घालून एन्झाइम थांबवलं आणि ग्लुकोजचा तो बदलही पुरा होऊ दिला. शिवाय पीएच बफरने बांधून ठेवला आणि फक्त सुरुवातीचा वेग घेतला. समीकरण नीट बसलं ते या काळजीमुळे.

तुम्हीही सबस्ट्रेटचा दहावा हिस्सा संपायच्या आत मोजणी उरका. सबस्ट्रेटचे सांद्रण केएमच्या पाचव्या हिश्शापासून पाचपटीपर्यंत पसरवा, आणि त्यातले निम्मे केएमच्या खाली असू द्या. लाइनवीव्हर आणि बर्क यांचा १९३४ चा उलट्या आकड्यांचा आलेख चित्र दाखवायला ठीक, पण केएम त्यावरून काढू नका. सगळ्यांत कच्च्या मोजणीला तो सगळ्यांत जास्त वजन देतो. मूळ वक्रावरच फिटिंग करा.

पीएफकेसारखी अ‍ॅलोस्टेरिक एन्झाइमं, म्हणजे दुसरीकडे बसलेले रेणू ज्यांचा वेग बदलतात ती, हे समीकरण पाळतच नाहीत. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या आकड्यांची पाटी भिंतीवर लावा, कारण एटीपी, एएमपी, सिट्रेट, पीएच सगळेच त्यात हात घालतात. आणि अर्कात तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी असू शकतं याची तयारी ठेवा. एमिल व्हान शाफ्टिंगेन आणि आँरी-जेरी हेर्स यांनी १९८० मध्ये यकृतातून फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट शोधलं. पीएफकेला मायक्रोमोलर सांद्रणात चालना देणारा हा रेणू आम्लात अगदी लवकर मोडतो, आणि ऊतीतले छोटे रेणू काढायची सर्रास पद्धत होती आम्लाची. आजही तो मोजायचा तर अर्क अल्कलीत काढतात. तुमची काढणीची पद्धत काय काय मारते, याची यादी करून बघा. मला अजूनही वाटतं की त्या यादीत एखादा शोध दडलेला असेल.

नळीच्या बाहेर

एन्झाइमचा माणूस आजाराकडे वळला की त्याचे प्रश्न धारदार होतात. कोरी दांपत्याने १९५२ मध्ये फॉन गिर्केच्या आजारात यकृतातलं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसतं हे दाखवलं. ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ मध्ये असा रुग्ण नोंदवला की व्यायाम करूनही त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढत नव्हतं. स्नायूतलं फॉस्फोरिलेज गायब असल्याचं नंतर कळलं. १९६५ मध्ये तारुई यांनी स्नायूतल्या पीएफकेचा अभाव दाखवला. त्यात एक मजा आहे. अशा रुग्णाच्या लाल पेशींमध्ये पीएफके साधारण निम्मं उरतं, कारण लाल पेशीतली चौकडी स्नायूच्या आणि यकृताच्या उपघटकांची मिश्र असते. एकाच रुग्णाच्या दोन ऊतींचे दोन आकडे तुम्हाला एन्झाइमची घडण सांगतात. मलेरियावरचं प्रायमाक्विन घेतल्यावर काहींच्या लाल पेशी का फुटतात याचं उत्तर १९५६ मध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेजच्या कमतरतेत सापडलं, आणि ते ३४० नॅनोमीटरच्या त्याच अ‍ॅसेवर मोजतात जो तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकता.

गाइड आणि लॅब

कोरींच्या लॅबमधून काम करून गेलेल्या सहा जणांना पुढे नोबेल मिळालं: ओचोआ, कोर्नबर्ग, लेलोआर, सदरलँड, द दूव्ह आणि क्रेब्स. तिथे मोजमापाची शिस्त कडक होती. आणि त्याच गर्टी कोरींना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९४७ मध्ये, नोबेलच्याच वर्षी, नवऱ्याच्या कितीतरी नंतर. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, विशेषतः मुलींनी.

लॅब निवडताना गाइडच्या पेपरांची संख्या पाहू नका. तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा, "निकाल उलटा आला तर सर काय म्हणतात?" आणि फ्रिज उघडून बघा. नळ्यांवर तारखा आणि नावं असतील तर चांगली लॅब.

पेपर लिहिताना तापमान, पीएच, बफरचं सांद्रण, आयन आणि एन्झाइमचं सांद्रण दिल्याशिवाय केएम छापू नका. स्ट्रेंडा नावाची मार्गदर्शक यादी आहे, काय काय नोंदवायचं याची. पाठवण्याआधी ती समोर ठेवा. रिव्ह्यूअरचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

नोकऱ्या

विद्यापीठाबाहेरही या कामाला मागणी आहे. लाल पेशीतल्या पायरुव्हेट कायनेजला चालना देणारं मिटापिव्हॅट २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अशा औषधाच्या मागे वर्षानुवर्षांचं काइनेटिक्स असतं. उद्योगात ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं आयसोमरेज टनावारी चालतं. निदानाच्या क्षेत्रात तर कर्बोदकांची एन्झाइमं रोजची. तिथे जाणाऱ्यांना मी एक प्रकरण वाचायला लावते. ग्लुकोज मोजायच्या काही पट्ट्यांमध्ये पीक्यूक्यू हा सहायक रेणू वापरणारं ग्लुकोज डीहायड्रोजनेज होतं. ते माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन दिलेल्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज येतं, पट्टी साखर जास्त दाखवते, इन्सुलिन दिलं जातं आणि खरी साखर कोसळते. त्यातून मृत्यू झाले, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सावधगिरीची सूचना काढली. विशिष्टता मोजणं हा परीक्षेतला प्रश्न नाही हे यातून कळतं.

मुलाखतीत मी उमेदवारापुढे फक्त एक आलेख ठेवते: सुरुवातीला वाकलेली, मग सरळ उतरणारी, मग आडवी झालेली रेषा. नाव, अक्ष, काहीच नाही. ज्याला कामावर घ्यायचं तो आधी विचारतो की अक्षांवर काय आहे, मग सहायक एन्झाइमं किती घातली होती, मग शेवटी आडवी झाली ती सबस्ट्रेट संपल्यामुळे, एनएडीएच संपल्यामुळे की एन्झाइम मेल्यामुळे. त्याला मी विचारते, हे तिन्ही वेगळे कसे ओळखशील? आडव्या रेषेवर थोडं एनएडीएच टाकून बघेन, नाही हललं तर सबस्ट्रेट टाकेन, तरीही नाही तर ताजं एन्झाइम, असं उत्तर आलं की पुढची मुलाखत पगाराबद्दल असते.